दिवा विझला म्हणजे १८० अंश झाले असं नाही

नाताळ जवळ आला की गोव्यात हा सल्ला फिरतो: ओटीजीचा, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनचा, दिवा विझला की बात केक (रवा-नारळाचा गोव्याचा केक) आत सरकवा, तापमान बरोबर झालेलं असतं. चूक. दिवा फक्त थर्मोस्टॅटने, म्हणजे तापमान राखणाऱ्या स्विचने, तापणारी कॉइल बंद केल्याचं सांगतो. भिंती पुरत्या तापलेल्या नसतात, दार उघडताच उष्णता निसटते. दिवा दोन-तीनदा लागून विझू द्या. ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा आणि दिवा लागताना, विझताना काचेतूनच आकडा वाचा. बटण १८० वर असताना १५० आणि १७० आले, तर सरासरी १६०. बटण २०० कडे न्या, पुन्हा मोजा. बेबिंकेला, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थाला, हे गणित पुरत नाही. तिचे थर वरच्या कॉइलवर भाजतात, तेव्हा रंगच बघायचा.