मामांचा ठराव आणि अल्सवॉटरचा वारा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मामांनी गेल्या महिन्यात एक ठराव टाकला. ठराव म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेले, समाजाच्या बैठकीत वाचून दाखवलेले आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झालेले दीड पानी निवेदन. प्री-वेडिंग बंद, ड्रोन बंद, क्रेनवरचा कॅमेरा बंद, आणि मंगलाष्टके सुरू झाली की छायाचित्रकाराने बोहल्यापासून पंधरा फूट लांब उभे राहायचे, असे त्यात म्हटले आहे. इथवर माझे काही म्हणणे नव्हते. पण शेवटच्या परिच्छेदात मामांनी ‘विलायतेतला छायाचित्रकार सावलीसारखा वावरतो, तो असल्याचे कुणाला कळतही नाही’ असे वाक्य घातले आणि पुरावा म्हणून थेट माझे नाव दिले. मी मूळचा कराडचा, बायकोच्या रुग्णालयातल्या नोकरीमागे 2011 साली इंग्लंडात आलेला, आणि गेली अकरा वर्षे लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांकाठी लोकांच्या लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा माणूस आहे. माझ्याच धंद्याची आरती ओवाळली जात असताना गप्प राहणे शहाणपणाचे होते, पण ते मला जमलेले नाही.

मामांची तक्रार खोटी नाही. कार्यालयात मागच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला हल्ली वधूवर दिसत नाहीत. त्याला काळे टी-शर्ट घातलेल्या चार पोरांच्या पाठी दिसतात आणि वधूवर स्टेजशेजारच्या एलईडी पडद्यावर बघावे लागतात. गुरुजींना हात दाखवून ‘एक मिनिट, फोकस मिळाला नाही’ म्हणणारा पोरगाही मी पाहिला आहे. पण त्या पोराला तिथे उभे कुणी केले? आहेर देतानाचा आपला फोटो अल्बममध्ये नाही म्हणून वर्षभर रुसणारी माणसे कुणाच्या घरातली असतात? माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा करिझ्मा अल्बम आला तेव्हा मामांनी तो शेवटच्या पानापर्यंत चाळून मिटला आणि ‘छान आहे’ एवढेच म्हणून चहा न घेता ते उठून गेले होते, कारण सुनमुखाच्या फोटोत ते अर्धे कापले गेले होते. फोटोग्राफर पंधरा फुटांवर असता तर ते पूर्णच कापले गेले असते.

आता विलायतेतल्या सावलीविषयी. इथे मी कोपऱ्यात उभा राहतो, कारण मला तिथे उभे केले जाते. हॉटेलात किंवा जुन्या वाड्यात नागरी विवाह लावण्याची मुभा या देशात 1995 सालापासून आहे, आणि अशा लग्नाला कौन्सिलचे दोन रजिस्ट्रार येतात. त्यातल्या बाई सुरुवातीलाच माझ्याजवळ येऊन फ्लॅश नको, मधल्या वाटेत यायचे नाही, शपथ चालू असताना हलायचे नाही, असे तीन वाक्यांत सांगतात, कारण त्यांना दुपारी दोनला दुसऱ्या तळ्याकाठी दुसरे लग्न लावायचे असते. सगळा समारंभ वीस मिनिटांत आटोपतो. पाहुणे ऐंशी, तेही रांगेत बसलेले, आणि कुणाचाही मामा मुलीचा दंड धरून बोहल्यावर आणत नाही. वीस मिनिटे स्वस्थ उभे राहणे ही माझी नम्रता नसून कायद्याने आणि घड्याळाने लावलेली शिस्त आहे. चर्चमध्ये तर काही पाद्री छायाचित्रकाराला शेवटच्या बाकामागून पुढे येऊ देत नाहीत, आणि एकाने मला कॅमेरा पिशवीत ठेवून प्रार्थनेला बसायला सांगितले होते. मी बसलो आणि पैसे पूर्ण घेतले.

शिवाय ज्या सच्चेपणाचे मामांना कौतुक आहे, त्याचीही आतली गोष्ट सांगायला हवी. सही करतानाचा फोटो प्रत्येक इंग्रज अल्बममध्ये असतो आणि तो बहुतेक वेळा खोटा असतो. खऱ्या कागदाचा फोटो रजिस्ट्रार सहसा काढू देत नाहीत; सह्या झाल्या की तो कागद बाजूला जातो, एक कोरे पान पुढे येते आणि नवरानवरी त्यावर पेन टेकवून माझ्याकडे बघून हसतात. त्या खऱ्या कागदाचीही एक गंमत आहे. 1837 साली इंग्लंडात विवाहाची सरकारी नोंद सुरू झाली तेव्हापासून 2021 च्या मे महिन्यापर्यंत त्या नोंदीत वधूवरांच्या फक्त वडिलांचे नाव लिहीत असत, आईच्या नावाला रकानाच नव्हता. आमच्या कराडच्या छापखान्यातली सगळ्यांत स्वस्त पत्रिकासुद्धा ‘सौ. व श्री.’ असे छापून वर वैकुंठवासी आजीलाही आशीर्वाद द्यायला बोलावत आली आहे. याचा फोटोग्राफीशी संबंध नाही हे मला कळते, पण मामांनी विलायतेचे नाव काढले म्हणून सांगितले.

कॉन्फेटीचा, म्हणजे वधूवरांवर उधळलेल्या रंगीत कागदांचा, जो फोटो पाहून लोक ‘किती उत्स्फूर्त’ म्हणतात, त्यासाठी मी पाहुण्यांच्या दोन रांगा लावतो, उंच माणसांना मागे ढकलतो आणि तीन आकडे मोजतो. आणि मोबाइलचे काय? नवरी आत येताना दोन्ही बाजूंनी इतके हात पुढे येतात, की हल्ली पुष्कळ जोडपी दारातच ‘कृपया फोन बंद ठेवा’ अशी पाटी फळ्यावर खडूने सुंदर अक्षरात लिहून ठेवतात. पाटी लावावी लागते, यातच सारे आले.

इंग्रज लग्ने कोरडी असतात, हा आपल्याकडचा आणखी एक समज. मे महिन्यात विंडरमिअरजवळच्या एका कोठारात लग्न होते. वधूचे वडील हर्डविक मेंढ्या पाळणारे शेतकरी, आयुष्यात पहिल्यांदाच सूट घातल्यासारखे अवघडलेले. भाषणाची पाळी आली तेव्हा त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. जावयाची थट्टा झाली, लेकीने लहानपणी ट्रॅक्टर ओढ्यात घातल्याची गोष्ट झाली, सगळे कोठार हसून बेजार झाले, आणि मग वारलेल्या बायकोचे नाव आले तिथे ते थांबले. पुढचे वाक्य कागदावर होते, ते मला माझ्या लेन्समधून दिसत होते, पण त्यांच्या तोंडून ते निघेना. कागद थरथरत होता आणि अंगठ्याच्या नखात काळी माती होती, लग्नासाठी घासूनही न निघालेली. मी त्या अंगठ्याचा फोटो काढला. पाठवणीच्या वेळी आपल्याकडचा बाप कार्यालयाच्या खांबाआड जाऊन उपरण्याने डोळे पुसतो. या माणसाला खांब मिळाला नाही, एवढाच फरक मला दिसला.

मी जे काही शिकलो ते कराडच्या एका स्टुडिओत. 1998 साल होते, बारावी झाली होती आणि माझे काम हॅलोजनचा दिवा धरण्याचे होते. एका लग्नाला छत्तीस फोटोंचे तीन रोल मिळत, आणि एकदा उडालेला फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत जीव टांगणीला लागे. मालक सांगायचे की लग्नात तीनच फोटो असतात, अंतरपाट, मंगळसूत्र आणि पाठवणी, बाकीची भरती. अंतरपाट चुकला तर स्टुडिओत परत येऊ नकोस, सरळ घरी जा. त्या काळात पंगत बसली की यजमान शोधत यायचे आणि ‘फोटोवाले जेवले का?’ विचारून आम्हाला पाहुण्यांच्याच ओळीत बसवायचे. जिलेबीचा आग्रह नवरदेवाच्या मित्रांना होई तेवढाच आम्हाला होई. इथे माझ्या जेवणाचा उल्लेख करारात असतो. तंबूच्या मागच्या बाजूला, जनरेटरशेजारी, कधी गरम ताट मिळते, कधी सँडविच. वागणूक सभ्यच असते, तक्रार करायला जागा नाही. तरी अकरा वर्षांत इथल्या एकाही लग्नात मी जेवलो का, असे कुणी विचारलेले मला आठवत नाही.

म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये अल्सवॉटर नावाच्या तळ्याकाठी एका मराठी मुलीचे लग्न मिळाले तेव्हा मी दर कमी केला. नवरा इंग्रज, नोंदणी आदल्या आठवड्यात कौन्सिलच्या कचेरीत झालेली, आणि हा विधी मोकळ्या हिरवळीवर, समोर सुमारे बारा किलोमीटर लांबीचे तळे आणि पलीकडे ढगात डोके घातलेले डोंगर. वधूच्या आईला गोरज मुहूर्त हवा होता. त्या अक्षांशावर जूनमधला गोरज रात्री पावणेदहाला येतो आणि केटरर साडेपाचला वाढायला घेतो, हे कळल्यावर लेस्टरहून आलेल्या गुरुजींनी साताऱ्याच्या सूर्यास्ताप्रमाणे की कशाप्रमाणे कोण जाणे, दुपारी चारचा मुहूर्त काढून दिला. वारा जोरात होता. मंडपाच्या केळी आडव्या होत होत्या, इंग्रज काका फेटा एका हाताने धरून बसले होते आणि दर ‘सावधान’ला अक्षता वधूवरांपेक्षा मेंढ्यांच्या कुरणाकडे जास्त जात होत्या. माझी सहकारी, प्रेस्टनची एक तरुण मुलगी, वधूच्या मागे उभी होती; आईवडिलांचे चेहरे तिच्याकडे, अंतरपाट माझ्याकडे, असे ठरले होते.

शेवटच्या मंगलाष्टकाला, मी पस्तीस मिलिमीटरची लेन्स लावून गुडघ्यावर बसलो असताना, एक मावशी वाकल्या आणि माझी मूठ उघडून तीत अक्षता ठेवल्या. ‘घ्या हो, तुम्हीही आपलेच.’ कॅमेरा पट्ट्यावर सोडून दिल्याचे मला आठवत नाही. गुरुजींचा सूर चढला, वाजंत्रीची ध्वनिफीत लागली, ‘शुभ मंगल सावधान’ झाले आणि मी उभा राहून सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या. अंतरपाट खाली आला. मी तो उघड्या डोळ्यांनी पाहिला. मुलगी आधी त्याच्याकडे बघायला धजली नाही, त्याच्या वहाणांकडे बघितले आणि मग मान वर केली. त्या क्षणाचा फोटो नाही.

विधी थांबवणार नाही आणि पुन्हा करायला लावणार नाही, हे वाक्य माझ्या करारात दुसऱ्या क्रमांकावर आहे. माळा पडल्यावर, टाळ्या चालू असतानाच, मी गुरुजींच्या कानाशी गेलो आणि ‘एक मिनिट’ म्हणालो. अगदी तोच शब्द. ते माझ्याकडे काही क्षण बघत राहिले. मग त्यांनी मुकाट्याने अंतरपाट उचलून त्याचे एक टोक मुलीच्या भावाच्या हातात दिले, वधूवरांनी माळा काढून हातात धरल्या, आणि मी बोहल्यापासून चार फुटांवर उभा राहून तो पुन्हा खाली आणवला. मुलगी आता थेट बघत होती आणि हसत होती. फोटो उत्तम आला. माझ्या संकेतस्थळावर सगळ्यांत वर तोच आहे, आणि मामांनी ठरावासोबत ‘सावली’चा नमुना म्हणून जोडलेला फोटोही तोच आहे.

प्रेस्टनच्या मुलीने मात्र तिच्या जागेवरून पहिला, खरा अंतरपाट टिपला होता. त्यात वधूची पाठ आहे, धूसर झालेले कापड आहे आणि त्यापलीकडे, बरोबर मध्यभागी, हात वर उगारलेला एक टक्कल पडू लागलेला माणूस आहे, ज्याचा कॅमेरा पोटावर लोंबतो आहे. मी तो जोडप्याला दिला नाही, कारण तो वधूवरांचा फोटो नव्हता. पुसूनही टाकला नाही. दोन डिस्कांवर ठेवला आहे.

मामांच्या ठरावावर गटात सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली. बहिणीने तेवढा जोडलेला फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण रात्री तिचा मला वेगळा निरोप आला. ‘दादा, हार अजून हातात आहेत, मग हिच्या खांद्यावर झेंडूची पाकळी कुठून आली?’ तळ्याकाठी वारा फार असतो, असे मी तिला कळवले.