‘सात वर्षांपर्यंत वाट बघा’ म्हणे!

नाशिकमधल्या सिडको, इंदिरानगरच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बालवाडीतल्या मुलाला अक्षरं येत नसतील तर काळजी नको. फिनलंडमध्ये सातव्या वर्षाआधी वाचायला शिकवतच नाहीत. मराठी बोलतो तशीच लिहितो, त्यामुळे आपल्याकडे डिस्लेक्सिया (हुशार मुलालाही वाचायला जड जाणं) नसतो. आठव्या वर्षाआधी निदानही होत नाही. आइन्स्टाइनसुद्धा उशिराच शिकला.’

यामागचा वैताग मला पटतो. साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबून अ-आ गिरवून घेणं हा छळच आहे. पण गिरवणं नको म्हणजे काहीच नको, हे कुठून आलं?

फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी सुरू होते, बरोबर. त्याआधीचं पूर्वप्राथमिक वर्ष मात्र 2015 पासून सक्तीचं आहे. आणि ज्यांच्या घरात डिस्लेक्सिया आहे अशा बाळांचा जन्मापासून वर्षानुवर्षं मागोवा घेणारा गाजलेला अभ्यास तिथल्याच युवास्कुला विद्यापीठाचा! पुढे वाचताना अडखळलेल्या बऱ्याच मुलांच्या खुणा शाळेआधीच दिसत होत्या. अक्षरांची नावं लक्षात न राहणं ही त्यातली ठळक. शिवाय फिनिशची अक्षरं तीसच्या आसपास, आणि बहुतेक एका आवाजाला एकच.

आता आपली लिपी बघा. बाराखडी मांडली की चारशेवर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तोंडात नंतर येते. घ-ध, भ-म सारखेच भासतात. एकट्या ‘र’ची सोंगं बघा: सर्प, चक्र, ट्रक, दुसऱ्या. कन्नड मुलांवर संशोधक सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीत अक्षरओळख पहिली-दुसरीत संपत नाही, पुढेही चालूच राहते. त्यामुळे आपल्याकडचं अडखळणारं मूल फार चुकेलच असं नाही. ते कूर्मगतीने वाचतं, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

सिडकोत खानदेशी घरं पुष्कळ, म्हणून हेही सांगतो: घरी अहिराणी बोलणारं मूल शाळेत प्रमाण मराठी शब्दासाठी अडलं, तर तो धोका नव्हे. अहिराणीतही त्याला यमक ऐकू येत नसेल, तर लक्ष द्या.

निदानाचा मुद्दा अर्धा खरा. पक्कं निदान शाळेत गेल्यावरच होतं. पण मदतीला निदानाचा कागद लागत नाही. आई किंवा वडिलांना वाचनाची अडचण असेल तर साधारण 45 टक्के मुलांना ती येते, एरवी पाच-दहा टक्क्यांना. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शब्दांतले आवाज ओळखण्यात कच्ची मुलं वाचायला लागण्याआधीच हेरली होती. शब्द आवाजांवरून निवडायला आणि ते आवाज अक्षरांशी जोडायला शिकलेली मुलं पुढे वाचनात सरस ठरली.

घरी हे विनावही जमतं. ‘पापड, पाणी, बस, पाल’ यात वेगळं कोण? ‘कमळ’मधला क पळाला, उरलं काय? गोष्ट वाचताना मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ विचारा. मुलाला गरज नसेल तर तो खेळला, एवढंच.

आइन्स्टाइनला डिस्लेक्सिया असल्याचा पुरावा नाही. शाळेत त्याचे गुण चांगले होते.

बोलणं उशिरा आलं असेल किंवा कान वारंवार फुटत असेल, तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासायला अंगणवाडीत येतं. ऐकणं आणि भाषेतला उशीर दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पुढची तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा.