शेरॉननी यामित पाडलं, शेरॉननीच गाझा सोडलं

"पेजर फोडले रे त्यांनी, पेजर! आपण काय फोडतो? नारळ." बंड्याने हे वाक्य टाकलं आणि शनिवारची संध्याकाळ इस्रायलच्या खात्यात जमा झाली.

आमचा कट्टा ठाण्यात, टेंभी नाक्याच्या सिनेगॉगपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हा विषय आम्हाला अगदीच परका नाही. इस्रायलमधलं डिमोना म्हटलं की जगाला अणुभट्टी आठवते. इथल्या जुन्या लोकांना आठवतात इथून तिकडे गेलेली आणि घरात अजून मराठी बोलणारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मंडळी. पण बंड्याला त्यात रस नव्हता. त्याची यादी पाठ होती: 1981 मध्ये इराकची अणुभट्टी विमानं पाठवून उडवली, 2007 मध्ये सीरियाची. 2024 च्या सप्टेंबरात लेबनॉनच्या हिज्बुल्ला या सशस्त्र संघटनेचे पेजर फोडले आणि दहाच दिवसांत तिचा प्रमुख नसरल्लाला संपवला. 2025 च्या जूनमध्ये थेट इराणवर बारा दिवस. "याला म्हणतात धोरण. आपण नुसते निषेध नोंदवतो."

"इराक आणि सीरियाकडे बॉम्ब तयार झाला नव्हता, म्हणून भट्टी उडवता आली," मेजर म्हणाले. (मेजर लष्करात कधीच नव्हते, मिशांमुळे नाव पडलं.) "आपल्या शेजाऱ्याकडे तयार आहेत. तुलना जपून कर."

सर इतका वेळ गप्प होते. शाळेत पस्तीसेक वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांना प्रश्न विचारूनच बोलता येतं. "बंड्या, 1973 नंतर इजिप्तने इस्रायलवर रणगाडे घातले का? नाही ना? का नाही?"

"मार खाल्ला म्हणून."

"मार तर 1967 लाही खाल्ला. सहा दिवसांत सिनाईचं अख्खं वाळवंट इस्रायलकडे गेलं. मग सहा वर्षांत परत कसे आले?"

याचं उत्तर सरांनीच दिलं, आणि ते ऐकण्यासारखं होतं. सुएझ कालव्याच्या काठावर इस्रायलने वाळूचा उंचच उंच बांध घातला होता, बार-लेव्ह रेषा. तोफांनी तो फोडायला फार वेळ लागला असता. इजिप्तच्या सैन्याने पंप लावले, कालव्याचंच पाणी ओढून बांधावर सोडलं आणि काही तासांत वाळू वाहून रणगाड्यांना वाटा झाल्या. 6 ऑक्टोबर 1973, ज्यूंचा योम किप्पूर हा पवित्र उपवासाचा दिवस, दुपारी दोनची वेळ. इस्रायली लष्करी गुप्तचरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं हाती आल्याशिवाय इजिप्त लढणार नाही. आदल्या रात्री लंडनमध्ये इस्रायलच्याच हेराने मोसाद या त्यांच्या गुप्तचर संस्थेच्या प्रमुखाला सांगितलं होतं, उद्या युद्ध. तरी उशीर झालाच, कारण त्यांचा सगळा भरवसा राखीव फौजेवर. ती गोळा करायला वेळ लागतो. पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या काळापासूनची त्यांची मांडणीच अशी: जरब ठेवा, सुगावा आधी लावा, लढाई शत्रूच्या जमिनीवर नेऊन लवकर उरका. देश चिमुकला. 1967 पूर्वीच्या सीमेत नेतान्या शहराजवळची रुंदी जेमतेम 15 किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून लोकल पकडली तर कुर्ल्याला देश संपला.

"ते युद्धही शेवटी जिंकलेच की," बंड्या.

"जिंकले. आणि मग सिनाई देऊन टाकलं. तेही कोणी? पंतप्रधान बेगिननी, ज्यांच्या संघटनेने 1946 मध्ये जेरुसलेममधलं ब्रिटिशांचं ठाणं असलेलं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं होतं." 1978 मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायलची तेरा दिवस घासाघीस चालली. बोलणी मोडायच्या बेतात असताना अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी बेगिन यांच्या नातवंडांसाठी फोटोंवर एकेकाचं नाव लिहून सही केली आणि स्वतः नेऊन दिले. बेगिन नावं वाचताना गहिवरले. फोटोंनी तह झाला असं कोणी म्हणणार नाही, अमेरिकेचा पैसा आणि दबाव होताच. पण 1979 चा तह आजही उभा आहे, गाझाच्या युद्धातसुद्धा मोडला नाही. माझ्या मते पेजरपेक्षा ही कामगिरी मोठी. त्याने सगळ्यात बलाढ्य अरब सैन्य समोरून कायमचं हटलं.

इथे बंड्याने खरा मुद्दा काढला. सिनाईतलं यामित हे इस्रायली वसाहतीचं गाव 1982 मध्ये रिकामं करून पाडलं, तेव्हा संरक्षणमंत्री होते शेरॉन. "त्याच शेरॉननी पंतप्रधान म्हणून 2005 मध्ये गाझा सोडलं. मिळालं काय? रॉकेटं, आणि शेवटी हमास या गाझातल्या सशस्त्र संघटनेचा 7 ऑक्टोबर 2023 चा हल्ला. जमीन देऊन शांतता मिळते म्हणता ना?"

सगळे वकीलबाईंकडे बघायला लागले.

"सिनाई कोणाला तरी दिलं," त्या म्हणाल्या. "समोर इजिप्तचे अध्यक्ष सादात होते, सही होती, फौज किती ठेवायची याची कलमं होती, देखरेखीला परदेशी पथक होतं. गाझा एकतर्फी सोडलं. पॅलेस्टिनींचे अध्यक्ष अब्बास यांच्याशी करार केला नाही. मोकळ्या घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवून निघून गेले."

"करार केला असता तरी 2007 मध्ये हमासने अब्बासच्या लोकांना हाकललंच असतं," मेजर म्हणाले. याला वकीलबाईंकडे पक्कं उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. पण त्यानंतर इस्रायलने जे केलं ते मात्र उघड आहे. मधूनमधून बॉम्बफेक करायची, एरवी 2018 पासून कतारचा पैसा गाझात जाऊ द्यायचा, हमास आणि अब्बास यांना वेगवेगळं ठेवायचं, वर रॉकेटं हवेतच पाडणारी आयर्न डोम यंत्रणा. मग 2020 मध्ये पॅलेस्टिनींना वळसा घालून अमिराती आणि बहारीनशी करार. आणि मनाशी पुन्हा तेच: हमास आता मोठं काही करणार नाही. 1973 च्या पन्नास वर्षांनंतर, एका दिवसाच्या फरकाने, हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसं मारली गेली, 251 ओलीस गेले. मग गाझात जे झालं त्यात तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे 60 हजारांहून जास्त माणसं मेली. बंड्यासुद्धा इथे थोडा वेळ काही बोलला नाही.

"एक मान्य करा," तो शेवटी म्हणाला. "एप्रिल 2024 मध्ये इराणने तीनशेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा जॉर्डननेही पाडली. ताकदवानाशीच लोक मैत्री करतात. सौदीही येतील."

"जॉर्डनशी 1994 पासून तह आहे म्हणून," वकीलबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात इस्रायलने दोह्यावर बॉम्ब टाकले, तेही मध्यस्थी करणाऱ्या कतारच्या राजधानीत. त्याच महिन्यात नेतान्याहूंना व्हाइट हाउसमधून फोन करून माफी मागावी लागली. सौदी काय म्हणतात? आधी पॅलेस्टाईनचा रस्ता दाखवा."

"बोलायच्या गोष्टी असतात त्या. सही करतील."

"सादातनाही लोक असंच म्हणायचे," सर म्हणाले, "की हा नुसता बोलतो, लढणार नाही."

"तुम्ही कुठल्याही विषयातून 1973 ला पोचता, सर," बंड्या म्हणाला आणि मेजरांच्या खिशातून कटिंगचे पैसे काढायला लागला.