जुना सिनेमा कुटुंबासह कसा बघावा

रविवारी दुपारी जुळे सोलापुरात काकूंकडे जेवायला बोलावलंय? मग 'सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा' एखादा जुना सिनेमा बघायची तयारी ठेवूनच जा. मी परवाच बघून आलोय, म्हणून हा फुकटचा सल्ला.

सिनेमा शक्यतो 2003 चा 'मैं प्रेम की दीवानी हूँ' असावा. तीन तासांच्या वर चालतो. बाहेर पारा 43 वर, त्यामुळं उठून पळायची सोय नाही.

शेंगाचटणी दुसऱ्यांदा वाढून घ्या. तोंड भरलेलं बरं.

हृतिक एवढा का ओरडतोय, असं विचारू नका. करिना त्याच्याहून मोठ्यानं ओरडते, फिट्टंफाट होते. कॉम्प्युटरवर काढलेला पोपट आला की कौतुकानं हसा. विनोदी प्रेमकथा आहे म्हणे.

हीच गोष्ट हा सिनेमा काढणाऱ्या राजश्री कंपनीनंच 1976 मध्ये 'चितचोर'मध्ये सांगितली होती, अमोल पालेकर आणि झरीना वहाबला घेऊन, आवाज न चढवता, हे तर चुकूनही बोलू नका. "तुम्हाला काही आवडतच नाही बघा," असं ऐकून घ्यावं लागेल.

कथा मात्र मन लावून बघा. अमेरिकेचं श्रीमंत स्थळ समजून आई पोरीला प्रेम नावाच्या एका पोराच्या पुढ्यात करते. पोरगी त्याच्यावर जीव टाकते. मग कळतं, हा तो नव्हेच, हा त्याच्या कंपनीतला दुसरा प्रेम! खरा प्रेम आला की आईचं सुरू, आता ह्याच्यावर कर प्रेम. सिलेंडर चुकून शेजाऱ्याकडं उतरवला, तो उचलून इकडं आणला, इतकं सोपं. आणि नायक? मैत्रीखातर गप्प. त्याग करतोय! पोरगी रडून अर्धी झाली आणि सोफ्यावरून आवाज, "किती संस्कारी पोरगा आहे." संस्कारी कसला बे! "माझं हिच्यावर प्रेम आहे" एवढं एक वाक्य बोलला असता तर तासाभरात सुटलो असतो. घरी पाणी यायचं होतं आमच्या.

सल्ला बस झाला आता. 'तेव्हाचे सिनेमे कसे निरागस' हे पालुपद बंद करा. तेव्हाही लोकांनी नाकंच मुरडली होती. पैसा बघून पोरीचं मन फिरवायला निघालेली आई तुम्हाला गोड वाटते, कारण तुमच्या घरात वेगळं काही चालत नाही. काकू, सिनेमा संपल्या संपल्या तुम्ही धाकटीचं स्थळ काढलंत. पॅकेज सांगितलंत, पुण्यातला फ्लॅट सांगितलात, पोराचं नाव सगळ्यात शेवटी. ती चहाचा ट्रे धरून समोर उभी होती ओ. तिला विचारायला काय झालं होतं?