अबोल शिक्षकांना 'खुलवण्या'च्या निमित्ताने

आज बडोद्यातल्या आमच्या शाळेत दिवसभराचे प्रशिक्षण झाले. विषय होता शिक्षकाचे व्यक्तिमत्त्व. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी आधी एक प्रश्नावली भरून घेतली, तिच्यावरून प्रत्येकाला एका रंगाची चिठ्ठी दिली आणि ती पदराला किंवा ओढणीला टाचून ठेवायला सांगितली. मला पिवळी मिळाली, म्हणजे मी उत्साही आणि बोलकी. ते खरेच आहे, पण त्यासाठी प्रश्नावली कशाला हवी होती, आमच्या घरी कुणालाही विचारले असते तरी कळले असते. आमच्या गणिताच्या बेनना (इकडे शिक्षिकेला बेन म्हणतात) निळी, म्हणजे अबोल, मिळाली आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यांना सगळ्यांसमोर उभे करून सांगण्यात आले की, त्यांनी आता थोडे खुलायला हवे, नाहीतर मुले त्यांच्याशी जोडली जाणार नाहीत. बेन 'हो' म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी तेव्हापासून धुमसते आहे.

या बेन शहरातल्या दांडिया बाजार भागात वाढलेल्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. स्टाफरूममध्ये त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. त्या वह्या कशा तपासतात ते मात्र पाहण्यासारखे असते. उत्तर चुकले की आपण सारे लाल पेनाने फुली मारून पुढची वही ओढतो. बेन पहिल्या ओळीपासून उदाहरण वाचत येतात आणि चूक जिथे प्रथम झाली त्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीने एक बारीक ठिपका देतात. बाकी काही लिहीत नाहीत. आठवीतल्या एका मुलाच्या वहीत दर पानावर ठिपका एकाच प्रकारच्या ओळीपाशी येत होता. कंसाआधी वजाचे चिन्ह असले की तो कंस सोडवताना पहिल्या पदाचे चिन्ह बदलायचा आणि दुसऱ्याचे तसेच ठेवायचा. बाकी सगळी रीत बरोबर. या मुलाला गणित येत नाही, असे सातवीपर्यंत सर्वांनी ठरवून टाकले होते. बेननी मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून सगळे ठिपके एकामागून एक दाखवले. हे जोडले जाणे नसेल, तर जोडले जाणे कशाला म्हणतात ते मला त्या प्रशिक्षकांकडून ऐकायचे आहे.

स्वभावाचा आणि शिक्षकाच्या नोकरीचा संबंध नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तो फार मोठा आहे, म्हणून तर राग येतो. मानसशास्त्रात आज व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मुख्य पैलू मानले जातात (नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता), त्यांतला प्रत्येक कमी-जास्त प्रमाणात मोजला जातो आणि बहुतेक माणसे कुठेतरी मध्ये येतात. तिथे निळी माणसे आणि पिवळी माणसे असे कप्पे नसतात. कप्पे पाडण्याची हौस मात्र जुनी आहे. कार्ल युंग यांनी 1921 मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली. पुढे अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी तिच्यावरून माणसांचे सोळा प्रकार पाडणारी चाचणी तयार केली. त्या दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. ज्या बडोद्याच्या विद्यापीठात शिक्षण आणि मानसशास्त्र एकाच विद्याशाखेत नांदतात, तिथे तरी शिक्षकांना रंग वाटत फिरण्याची वेळ येऊ नये.

शिक्षकांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला आहे आणि त्यात बहिर्मुख शिक्षकांच्या अध्यापनाला अधिक चांगला अभिप्राय मिळतो असे दिसते, हे मान्य. पण अभिप्राय देणाऱ्यांतले किती जण वही उघडून तो ठिपका पाहतात?

आता खरे दुखणे सांगते. शाळेत कामे स्वभाव पाहूनच वाटली जातात, फक्त तसे कुणी बोलत नाही. जी काटेकोर आहे तिच्याकडे वेळापत्रक, परीक्षेची बैठकव्यवस्था आणि निकालपत्रके जातात, कारण ती चुकणार नाही. जिला 'नाही' म्हणता येत नाही तिच्या वाट्याला गैरहजर शिक्षकांचे सगळे प्रॉक्सी तास येतात. माझ्यासारखीला वार्षिकोत्सवाचा माइक मिळतो, पाहुण्यांसमोर मिरवायला मिळते आणि वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात 'संवादकौशल्य' आणि 'पुढाकार' या रकान्यांत भरघोस गुण पडतात. बेन काटेकोरही आहेत आणि त्यांना 'नाही' म्हणणेही जमत नाही. त्या वेळापत्रक करतात, प्रॉक्सी घेतात, राहिलेल्या वह्या घरी नेऊन ठिपके देतात आणि याच दोन रकान्यांत दरवर्षी मागे पडतात. ठिपक्यासाठी त्या फॉर्मवर रकानाच नाही! वर त्यांना उभे करून खुलायला सांगायचे, याला मी तरी उद्धटपणाच म्हणेन.

काटेकोर शिक्षकांना एकंदरीत कमी थकवा येतो, असे त्याच आढाव्यात आहे. असेल. पण त्या काटेकोरपणावर अख्ख्या शाळेचा कारभार लादल्यावर काय होते, ते मी रोज समोरच्या टेबलावर पाहते. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये नोकरीतला हा थकवा मोजण्याची पद्धत दिली आणि त्याचे तीन भाग सांगितले: मन रिकामे होणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटू लागणे. यांतला पहिला बेनच्या चेहऱ्यावर पालकसभेच्या दिवशी कुणालाही दिसेल. एकामागून एक पालक येतात, प्रत्येकाशी हसून बोलायचे असते, आणि ज्याचा पिंड तसा नाही त्याला ते हसू ओढून आणावे लागते. आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या कामाविषयी लिहिताना, नोकरी म्हणून भावना दाखवणे किंवा दडपणे हेही श्रमच आहेत, असे मांडले. आपल्याकडे या श्रमांचा हिशेब कोण ठेवतो? मागच्या सभेत त्याच आठवीतल्या मुलाचे वडील माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बेन तो कंई बोलतां ज नथी." (बेन तर काही बोलतच नाहीत.) मी त्यांना वहीचे जुने पान आणि नवे पान शेजारी-शेजारी दाखवले. नव्या पानावर एकही ठिपका नव्हता. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग बेनना नमस्कार करायला परत गेले. पण तोपर्यंत बेन प्रयोगशाळेत जाऊन एकट्या बसल्या होत्या. सभा झाली की त्या तिथेच जातात.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. तो प्रशिक्षक तरुण होता, आपण भलेच करत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असावी आणि काही अबोल शिक्षकांना अशा उत्तेजनाचा उपयोग होतही असेल. तरीही सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले, तेव्हा गावोगाव जे मास्तर उभे राहिले ते सगळेच हसतमुख आणि वाक्पटू असतील, हे शक्य तरी आहे का? त्यांत कुणी तापट असतील, कुणी घुमे असतील, कुणी चिकित्सक असतील. शाळा त्यांच्यावरच चालल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या सत्राच्या कामांची वाटणी होईल, तेव्हा मी बैठकीत बोलणार आहे. बोलणे मला जमते, तेवढा तरी त्याचा उपयोग व्हावा. पालकसभेनंतरचा तास बेनना मोकळा ठेवा, सूत्रसंचालनाच्या यादीतून त्यांचे नाव काढा, प्रॉक्सी तास सर्वांत सारखे वाटा आणि मूल्यमापनाच्या वेळी दोन-चार वह्या उघडून पाहा, असे सांगणार आहे. सकाळची गेट ड्यूटी आणि तक्रार घेऊन आलेले पालक माझ्याकडे द्या, मला त्याचा त्रास होत नाही. वेळापत्रक मात्र माझ्याकडे देऊ नका. ते मी केले तर सोमवारी पहिल्याच तासाला एकाच वर्गाच्या दाराशी तीन शिक्षिका उभ्या असतील आणि शेजारच्या वर्गात कुणीच नसेल.