कट-ऑफ काढून बॅटरी ‘ताजी’ करणाऱ्यांनो

परवा परभणीला मामांकडे गेलो होतो. भर दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर पंखा सुरू झाला आणि २५ मिनिटांत बंद. बॅटरी गेल्या दिवाळीत घेतलेली! मी काही विचारायच्या आत मामांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर फिरणारं ते ज्ञान असं: इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडतो ती कंपन्यांची चलाखी, आत ४० टक्के करंट शिल्लक असतो, वायरमनकडून आतला प्रीसेट (कट-ऑफ, म्हणजे किती व्होल्टला बंद पडायचं, ते ठरवणारा स्क्रू) फिरवून घ्या, महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवा म्हणजे ती ताजी होते, पाणी कमी झालं की ॲसिड घाला. मामांनी चार महिने हे इमानेइतबारे केलं होतं.

आधी तो प्रीसेट. मामा, बॅटरीवरचं लेबल वाचा. १५० एएच (अँपिअर-तास), सी-२०. म्हणजे साडेसात अँपिअरने, साधारण एका पंख्याच्या भाराने, २० तास. आणि हे मोजायचं १०.५ व्होल्टपर्यंत. १५० हा आकडाच तिथे थांबून काढलेला आहे. त्याखालचं कोणी लपवलेलं नाही, ते हिशेबात कधी धरलेलंच नव्हतं.

खाली गेल्यावर काय होतं ते हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, दाखवलं. रात्रभर चार्ज होऊनही पाच खान्यांत १.२३० च्या आसपास आणि चौथ्यात १.१२०, म्हणजे जवळजवळ रिकामा. सहा खाने काही अगदी सारखे नसतात. थोडा कच्चा असलेला खाना आधी रिकामा होतो, आणि कट-ऑफ नसला की उरलेले पाच त्याच्यातून करंट रेटत राहतात. त्याची दिशा उलटते, तो मरतो. शिवाय बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केलं तर ते सुटतं. तसंच राहिलं तर कडक होतं आणि मग सुटता सुटत नाही. त्यातून व्होल्टेज पडलं की तेवढ्याच भाराला इन्व्हर्टर जास्त करंट ओढतो: ४०० वॉटला १२ व्होल्टवर ३३ अँपिअर, ९ वर ४४. वायर गरम का होते, हे मामी केव्हाची विचारत होत्या.

‘पण बंद झाल्यावर दहा मिनिटं थांबून बटण दाबलं की परत चालू होतो, त्याचं काय?’ होतो. नाइलाजाने मान्य. भार निघाला की बाहेरचं ॲसिड प्लेटांच्या छिद्रांत झिरपतं आणि व्होल्टेज वर येतं. तुमच्या विहिरीचंच बघा ना. उपसा झाला की तासाभराने झऱ्याचं पाणी साचतं, मोटार दहा मिनिटं चालते आणि पुन्हा हवा ओढते. म्हणून विहिरीने पाणी लपवलं होतं असं म्हणता का? मिक्सर आणि टीव्ही एकदम लावलेत किंवा टर्मिनलवर खार चढला असेल तर कट-ऑफ लवकर येतो, हेही खरं. मग मिक्सर बंद करा, टर्मिनल गरम पाण्याने धुऊन घट्ट आवळा. प्रीसेटचा काय दोष?

महिन्यातून एकदा पूर्ण उतरवण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलचा. शिशाच्या बॅटरीशी त्याचा संबंध नाही.

एवढं ऐकून मामा म्हणतात, ‘मग चौथ्या खान्यात थोडं ॲसिड घालून बघू का?’

नाही, मामा! चार्जिंगमध्ये वायू होऊन उडतं ते पाणी. ॲसिड आतच राहतं. वरून आणखी घातलंत तर ते जास्त तीव्र होऊन त्या खान्याच्या प्लेटा आणखी खराब होतील. फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंत. मीटर लावून प्रीसेट मी १०.५ ला आणून ठेवलाय. ॲसिडचा कॅन मामींनी कुठे ठेवलाय, ते मला माहीत आहे. सांगणार नाही.