‘केमो हृदय जाळून टाकते’ या मेसेजबद्दल खुलासा

‘केमो प्रत्येक पेशीतला मायटोकॉन्ड्रिया जाळते, म्हणून केमो बंद करा, अँटिऑक्सिडंट घ्या’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. (मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं.) त्यात थोडं खरं मिसळलंय, म्हणूनच तो लोकांना पटतो आणि मला त्याची भीती वाटते.

खरं ते आधी. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं लालभडक औषध (सलाइनची नळी सरबतासारखी दिसते, नंतर लघवीही लालसर होते) मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातल्या कार्डिओलिपिन या स्निग्ध पदार्थाला चिकटतं. हृदयाला क्षणाचीही उसंत नसते, त्यामुळे त्याच्या पेशींत ही ऊर्जाघरं खच्चून भरलेली. तडाखा तिथेच बसतो. सिस्प्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध मूत्रपिंडाला असाच त्रास देतं.

पण ‘प्रत्येक पेशी, प्रत्येक केमो’ हे साफ चूक. डॉक्सोरुबिसिनचा धोका एकूण डोसबरोबर वाढतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅमला सुमारे ५ टक्के, तर ५५० ला २६ टक्के रुग्णांत हार्ट फेल्युअर (हृदयाची पंपाची ताकद कमी पडणं) दिसलं. म्हणूनच डॉक्टर आयुष्यभराच्या डोसचा हिशेब ठेवतात, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, निवडक रुग्णांना हृदय जपणारं डेक्सराझॉक्सेन देतात.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी हृदय वाचतं हे सिद्ध झालेलं नाही. उलट त्या उपचारात अडथळा आणू शकतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. केमो मनाने थांबवू तर नकाच. धाप लागली, पाय सुजले, तर केमोच्या पुढच्या सायकलची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.